मुखत्यारपत्र आणि आजारपणाची आगाऊ व्यवस्था

पावसाळ्यापूर्वीं बांधबंदिस्ती करावी, पेरणीपूर्वीं बियाणें पारखून घ्यावें, सुगीपूर्वीं खळें सारवून ठेवावें, हें कोणा शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्याच्या एका सहीवर सोसायटीचें पीककर्ज मिळतें, उसाच्या किंवा कापसाच्या बिलाचे पैसे खात्यांतून निघतात, मजुरांची मजुरी भागते आणि दवाखान्याचा खर्च चालतो, त्या खातेदाराची सहीच उद्यां बंद पडली, तर घरचा कारभार कोणीं व कोणत्या अधिकारानें चालवावा, याचा विचार फारच थोड्या घरीं झालेला असतो.

समजा, एखाद्या सत्तरीच्या खातेदारास भर आषाढांत अर्धांगाचा झटका आला व त्याची शुद्ध हरपली. जमीन त्याच्या नांवावर, बँकेंतील खातें त्याच्या एकट्याच्या नांवावर, ठेवीच्या पावत्या त्याच्या पेटींत. मुलगा कर्तबगार आहे, सून शहाणी आहे, पैसाहि आहे. परंतु तो पैसा काढण्याचा अधिकार कोणासच नाहीं. पीककर्ज मुदतींत न फेडल्यास व्याजाची सवलत जाते, आणि इकडे दवाखान्याचें बिल दररोज वाढतें. अशा वेळीं घरांतील कोणी तरी त्या म्हाताऱ्याचा अंगठा पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर उमटवितो, व आपण कांहीं वावगें केलें असें त्यास वाटतहि नाहीं. परंतु बेशुद्ध माणसाचा अंगठा म्हणजे त्याची संमति नव्हे. पुढें भावाभावांत वितुष्ट आलें, कीं तीच चिठ्ठी फौजदारी फिर्यादीचा पुरावा होऊन बसते. हें टाळण्याचे मार्ग कायद्यानें ठेविलेले आहेत. मात्र त्यांपैकीं कोणता मार्ग कोठवर जातो व कोठें संपतो, हें अगोदर नीट जाणून घेतलें पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढाच आहे.

मुखत्यारपत्राचें स्वरूप

मुखत्यार हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ ‘निवडलेला’ असा आहे. ज्या लेखानें एक मनुष्य दुसऱ्यास आपल्या नांवानें व आपल्या वतीनें विवक्षित कामें करण्याचा अधिकार देतो, तो लेख म्हणजे मुखत्यारपत्र. याविषयींचा स्वतंत्र कायदा १८८२ सालचा आहे. पण तो अगदीं लहान आहे. मालक व मुखत्यार यांचे परस्परांशीं हक्क व कर्तव्यें कोणतीं, हें मुख्यतः १८७२ सालच्या करार-कायद्यांतील प्रतिनिधीविषयक प्रकरणांत सांगितलें आहे.

मुखत्यारपत्रें दोन प्रकारचीं असतात. एका ठराविक कामापुरतें दिलेलें तें खास मुखत्यारपत्र. उदाहरणार्थ, अमुक गट नंबराच्या मोजणीच्या वेळीं हजर राहणें, किंवा अमुक दाव्यांत वकील देणें. अनेक कामांचा एकत्र अधिकार देणारें तें कुलमुखत्यारपत्र. खास पत्र काम संपतांच संपतें. कुलमुखत्यारपत्र मालक तें रद्द करीपर्यंत, किंवा कायद्यानें तें आपोआप संपेपर्यंत चालतें. ज्या घरांत निकड एकाच कामाची आहे, तेथें कुलमुखत्यारपत्र करून देणें म्हणजे एका पाटाचें पाणी हवें असतां धरणाचे सर्वच दरवाजे उघडण्यासारखें आहे.

मुखत्यारपत्रानें मालकाचा स्वतःचा अधिकार मुळींच कमी होत नाहीं. मुखत्यार नेमल्यावरहि मालकास स्वतः सही करतां येते, मुखत्यारास सूचना देतां येतात व त्यास दूरहि करतां येतें. मुखत्यार हा मालक होत नाहीं. मालकाची जमीन त्याची होत नाहीं. आणि मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय त्यास आपला अधिकार तिसऱ्याच्या हातीं साधारणतः देतां येत नाहीं. कांहीं कामें तर मुखत्याराकडून होऊंच शकत नाहींत. मृत्युपत्र ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें. सहकारी सोसायटीच्या सभेंत सभासदानें आपलें मत स्वतःच द्यावयाचें असतें. मालकाच्या खासगी माहितींतील गोष्टींबद्दल कोर्टांत त्याच्या जागीं साक्ष देण्याचें कामहि मुखत्यारास करतां येत नाहीं.

न वाचतां केलेल्या सहीचा जुना अनुभव

महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास कागदाचें भय कां वाटतें, यास इतिहास आहे. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें जो दंगा झाला व जो पुढें अहमदनगर जिल्ह्यांतहि पसरला, त्यांत जमलेल्या लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या पेटींतील खतें व रोखे यांवर होता. आपण कशावर अंगठा उठविला हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्यावर तो कागद एके दिवशीं उलटतो, हा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव होता. यानंतर झालेल्या चौकशीअंतीं १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यांत शेतकऱ्यानें करावयाचे दस्तऐवज गांव-निबंधकासमक्ष लिहिले जावे, अशी तरतूद मुद्दाम घालण्यांत आली.

तो कायदा आज राहिलेला नाहीं; पण त्यामागील धडा जुना झालेला नाहीं. आजहि ‘मोजणीसाठीं एक कागद हवा आहे’ असें सांगून ज्यावर सही घेतली जाते, त्या कागदांत विक्रीचा अधिकार घातलेला आढळतो. बहिणींकडून भावांनीं घेतलेल्या कुलमुखत्यारपत्रांविषयींहि हेंच म्हणावें लागतें. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क मिळाला आहे. तिची सही माहेरच्या जिव्हाळ्यावर घ्यावयाची, व तींत काय लिहिलें आहे हें तिला सांगावयाचें नाहीं, हें ना धर्मास धरून आहे ना कायद्यास. कागद मोठ्यानें वाचून दाखवावा, त्याची एक प्रत सही करणारास द्यावी, आणि मगच सही घ्यावी, हा नियम प्रत्येक घरानें स्वतःवर घालून घ्यावा.

मर्यादा कोठें येते

आतां या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, एकदां कुलमुखत्यारपत्र करून ठेविलें, म्हणजे पुढें वडिलांची शुद्ध हरपली किंवा त्यांस बुद्धिभ्रंश झाला, तरी मुलास सर्व कारभार पाहतां येईल. ही समजूत चुकीची आहे. करार-कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणें मालक किंवा मुखत्यार यांपैकीं कोणीहि मरण पावला, अथवा त्याची बुद्धि विकल झाली, कीं मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या प्रसंगासाठीं मनुष्य हा कागद करून ठेवूं इच्छितो, नेमक्या त्याच प्रसंगीं तो निरुपयोगी होतो.

इंग्लंडांत ही अडचण ओळखून कायदा बदलण्यांत आला. तेथें १९८५ सालच्या कायद्यानें, व पुढें २००५ सालच्या कायद्यानें, मालकाची समज गेल्यावरहि टिकून राहील असें मुखत्यारपत्र करण्याची सोय झाली. आणि या दुसऱ्या कायद्याखालीं एक पत्र पैसा व मालमत्ता यांसाठीं व दुसरें प्रकृति व औषधोपचार यांसाठीं करतां येतें. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांस तीं मुलें तिकडील पद्धत सांगतात, आणि त्यावरून येथेंहि तसेंच असावें असा तर्क केला जातो. परंतु आपल्याकडे असें टिकाऊ मुखत्यारपत्र करण्याचा सर्वसाधारण कायदा नाहीं. परदेशांतील नमुना उतरवून घेऊन त्यावर येथें सही केली, तरी त्यानें २०१ वें कलम बदलत नाहीं.

मग मुखत्यारपत्राचा उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे, परंतु तो शरीर थकलें असतां, बुद्धि थकली असतां नव्हे. गुडघे गेले, दृष्टि मंद झाली, तालुक्याच्या गांवीं खेटे घालवत नाहींत, शस्त्रक्रियेसाठीं तीन महिने पुण्यास किंवा मुंबईस राहावयाचें आहे. पण बरेंवाईट कळतें, हिशेब समजतो, ‘हो’ व ‘नाहीं’ सांगतां येतें: अशा सर्व स्थितींत मुखत्यारपत्र उत्तम काम देतें. मालकाची समज गेल्यावर मुखत्यारानें काय करावें, हेंहि कायदा सांगतो. त्याच्या हातीं सोंपविलेल्या हितसंबंधांचें रक्षण होईल अशी वाजवी तजवीज त्यानें करावयाची असते; तेवढ्या सबबीवर नवे व्यवहार करावयाचे नसतात.

समज गेल्यानंतरची तरतूद

यासाठीं मुखत्यारपत्राच्या जोडीला इतर उपाय करून ठेवावे लागतात. त्यांपैकीं मुख्य असे:

पहिला उपाय संयुक्त खात्याचा. घरखर्चाचें व दवाखान्याचें खातें पतिपत्नींच्या, किंवा पिता व विश्वासू मुलगा अथवा मुलगी यांच्या संयुक्त नांवें असावें, व ‘दोहोंपैकीं कोणीहि अथवा हयात असणारा’ यानें व्यवहार करावा अशी सूचना बँकेस लेखी द्यावी. त्यामुळें एकाची सही थांबली तरी दुसऱ्याची चालूं राहते. मुदतीच्या ठेवी मुदतीपूर्वीं मोडण्याचा प्रसंग आल्यास काय लागेल, हेंहि बँकेंत विचारून त्याच वेळीं लिहून द्यावें. सर्वच पैसा अशा खात्यांत ठेवण्याचें कारण नाहीं. सहा महिने ते वर्षभराचा खर्च भागेल एवढी रक्कम पुरे.

दुसरा उपाय नामनिर्देशनाचा. बँकेच्या खात्यांस व ठेवींस १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नांवें देतां येतात. पण हें ध्यानांत ठेवावें कीं, नामनिर्देशन मृत्यूनंतर उपयोगीं पडतें, आजारपणांत नाहीं. आणि ज्याचें नांव दिलें तो पैसा स्वीकारणारा असतो, वारसांना डावलून त्याचा मालक होत नाहीं.

तिसरा उपाय विश्वस्त-निधीचा. ज्याच्याजवळ बरीच रोकड किंवा रोखे आहेत, आणि घरांत एखादें अपंग मूल किंवा परावलंबी माणूस आहे, त्यानें १८८२ सालच्या विश्वस्तविषयक कायद्याखालीं खासगी विश्वस्तपत्र करण्याचा विचार करावा. विश्वस्ताचा अधिकार मालकाची बुद्धि विकल झाल्यानें संपत नाहीं. शेतजमीन मात्र विश्वस्तपत्रांत घालण्यापूर्वीं जाणत्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

चौथी सोय आजारी खातेदारासाठीं बँकांनीं ठेविलेली आहे. खातेदार शुद्धीवर आहे, पण सही करूं शकत नाहीं, अशा वेळीं त्याचा हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष घेऊन, त्यांपैकीं एक बँकेचा जबाबदार अधिकारी असल्यास, पैसे देतां येतात. याकरितां बँकेच्या व्यवस्थापकास घरीं किंवा दवाखान्यांत येण्याची लेखी विनंति करावी.

यांपैकीं कांहींच केलेलें नसेल व मनुष्य बेशुद्धीत गेला असेल, तर उच्च न्यायालयाकडे जाण्यावांचून बहुधा गत्यंतर राहत नाहीं. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यानें १९८७ चा जुना कायदा गेला, आणि त्याबरोबर मानसिक रुग्णाच्या मालमत्तेवर पालक नेमण्याची त्यांतील तरतूदहि गेली. दीर्घ बेशुद्धीत असलेल्या रुग्णांसाठीं केरळ उच्च न्यायालयानें २०१९ सालीं मार्गदर्शक नियम घालून दिले, व मुंबई उच्च न्यायालयानें २०२० सालीं अशा एका रुग्णाच्या पत्नीस पालक म्हणून मान्यता दिली. वाट आहे, पण ती वकील, डॉक्टरांचे दाखले व चौकशी यांतून जाते, आणि पेरणीचा वापसा तोंवर थांबत नाहीं.

लेख कसा करावा

मुखत्यारपत्र लिहितांना पुढील गोष्टी सांभाळाव्या. अधिकार मोघम शब्दांत न देतां एकेक काम मोजून लिहावें: अमुक बँकेंतील अमुक खात्यांतून महिन्यास अमुक रकमेपर्यंत पैसे काढणें, सोसायटीच्या पीककर्जाचे कागद करणें व हप्ता भरणें, वीजबिल, पाणीपट्टी व शेतसारा भरणें, पीकविम्याचा दावा करणें, पिकाची विक्री करून पैसे मालकाच्याच खात्यांत जमा करणें, महसूल कचेरींत व कोर्टांत हजर राहणें. जें द्यावयाचें नाहीं, तेंहि स्पष्ट लिहावें: जमीन विकणें, गहाण टाकणें, बक्षीस देणें, दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहणें, हे अधिकार दिलेले नाहींत असें शब्दांत नमूद करावें. मुदत घालावी; दोन वर्षांची मुदत घालून पुन्हां नवें पत्र करणें हें जन्मभराचें एकच पत्र करण्यापेक्षां बरें.

मुखत्यार निवडतांना जवळचें नातें हा एकच निकष धरूं नये. ज्याचा स्वतःचा हिशेब चोख आहे, जो कर्जांत बुडालेला नाहीं, व ज्यास घरांतील इतर माणसें प्रश्न विचारूं शकतात, तो योग्य. कर्ती मुलगी, मग ती सासरीं नांदत असली तरी, मुखत्यार होऊं शकते. आणि पत्नीच्या हातांत आजवर घर चालत आलें असल्यास पहिली निवड तिचीच असावी. मोठ्या रकमांसाठीं दोघांनीं मिळून सही करावी अशी अट घालतां येते. मुखत्यारानें मागतांच हिशेब द्यावा, हें कायद्यानेंच त्याचें कर्तव्य आहे. तरी दर सहामाहीस हिशेब वाचून दाखवावा व त्याची प्रत सर्व मुलांस द्यावी, असें कलम घातल्यास पुढील पुष्कळ भांडणें मिटतात. मुखत्यारानें मालकाचा पैसा आपल्या खात्यांत मिसळूं नये, व मालकाच्या संमतीवांचून त्याच्या मालाचा सौदा स्वतःशींच करूं नये.

मुद्रांक व नोंदणी यांविषयीं थोडें. महाराष्ट्रांत मुखत्यारपत्रावरील मुद्रांकशुल्क १९५८ सालच्या कायद्याप्रमाणें द्यावें लागतें, व तें अधिकाराच्या स्वरूपावर ठरतें. जवळच्या नातेवाइकास मोबदल्यावांचून विक्रीचा अधिकार दिल्यास ठराविक अल्प शुल्क लागतें. तोच अधिकार परक्यास दिल्यास खरेदीखताप्रमाणें बाजारमूल्यावर शुल्क द्यावें लागतें. दस्तऐवज नोंदणीसाठीं हजर करण्याचा अधिकार द्यावयाचा असेल, तर मालक ज्या हद्दींत राहतो तेथील दुय्यम निबंधकासमक्ष पत्र करून प्रमाणित करून घ्यावें. केवळ नोटरीचा शिक्का त्यास पुरत नाहीं. मालक अंथरुणास खिळलेला असून कचेरींत जाणें त्यास धोक्याचें असेल, तर निबंधकानें घरीं येऊन खात्री करून घेण्याची सोय १९०८ सालच्या नोंदणी कायद्यांत आहे. पुष्कळांस ही सोय ठाऊक नसते, व म्हाताऱ्यास खाटेसह गाडींत घालून तालुक्यास नेलें जातें! परदेशीं असलेल्या मुलानें किंवा मुलीनें पत्र करावयाचें असल्यास तें तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलात यांच्यासमक्ष करावें, व महाराष्ट्रांत आल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर येथील मुद्रांकशुल्क भरावें.

पत्र रद्द करावयाचें असल्यास रद्दपत्र करून पेटींत ठेवणें पुरेसें नाहीं. ज्यांस रद्द झाल्याची खबर नाहीं, अशा तिऱ्हाइतांच्या दृष्टीनें खबर मिळेपर्यंत मुखत्यारी चालूंच असते. म्हणून मुखत्यारास, बँकेस, सोसायटीस, तलाठ्यास व दुय्यम निबंधकास लेखी कळवून पोंच घ्यावी. मूळ प्रतहि परत मागून घ्यावी.

विक्रीच्या मुखत्यारपत्राचा धोका

शहरांच्या आसपास जमिनीचे भाव चढल्यापासून खरेदीखताऐवजीं करारनामा, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र असे तीन कागद करून जमीन ‘विकण्याची’ चाल पडली. सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०११ मध्यें सूरज लॅम्प या प्रकरणांत निर्णय दिला कीं, अशा कागदांनीं स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाहीं. ती नोंदलेल्या खरेदीखतानेंच बदलते. घेणाराचें यांत नुकसान आहेच. पण देणाराचेंहि आहे, कारण पैसा अपुरा हातीं येतो, नांव ७/१२ वर राहतें, आणि खटले मात्र त्याच्या वारसांच्या वांट्यास येतात.

‘हें पत्र कधींहि रद्द होणार नाहीं’ असे शब्द ज्यांत आहेत, त्या कागदापासून विशेष सावध असावें. नुसत्या शब्दांनीं पत्र कायमचें होत नाहीं हें खरें. परंतु त्या मिळकतींत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, उदाहरणार्थ त्यानें त्याच मिळकतीच्या जोरावर पैसा दिला असून वसुलीचा अधिकार त्यास मिळाला असेल, तर मालकास तें एकतर्फी मोडतां येत नाहीं, व मालकाच्या मृत्यूनेंहि तें संपत नाहीं. विकसनाच्या करारासोबत येणाऱ्या पत्रांत बहुधा अशीच रचना असते. तेथें सही करण्यापूर्वीं आपला स्वतःचा वकील पाहावा. समोरच्यानें आणलेला नव्हे.

औषधोपचाराचे निर्णय

पैशाच्या व्यवहारांत जशी सही, तशी औषधोपचारांत संमति. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमति त्याचीच घेतली पाहिजे. आई, पति किंवा मुलगा यांची संमति तिच्या जागीं चालत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं स्पष्ट केलें आहे. अपघातांत किंवा जीव धोक्यांत असतां मात्र डॉक्टरानें कागदाची वाट न पाहतां उपचार केले पाहिजेत. तातडीची मदत देणें हें प्रत्येक डॉक्टराचें कर्तव्य होय, हें त्याच न्यायालयानें १९८९ सालीं सांगितलें आहे. अडचण येते ती यांच्या मधल्या स्थितींत: रुग्ण बोलत नाहीं, निकड तात्काळ नाहीं, आणि घरांतील चार जणांचीं चार मतें आहेत. साध्या मुखत्यारपत्रांत ‘औषधोपचाराचे निर्णय घेणें’ असें कलम घातल्यानें ही अडचण पुरती सुटत नाहीं, कारण तें पत्रहि समज जातांच संपतें. तथापि दोन मार्ग कायद्यानें खुले आहेत.

एक मार्ग मानसिक आजारापुरता आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणें कोणाहि सज्ञान माणसास साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधि नेमतां येतो. आपणांस असा आजार झाल्यास उपचार कसे व्हावे व कसे होऊं नयेत, हेंहि आगाऊ लिहून ठेवतां येतें. प्रतिनिधि सज्ञान असावा व त्यानें लेखी संमति द्यावी.

दुसरा मार्ग बरे न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या अवस्थेचा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग या १९७३ सालच्या हल्ल्यानंतर २०१५ सालीं मृत्यु येईपर्यंत चार दशकांहून थोडीं अधिक वर्षें अचेतनप्राय अवस्थेंत होत्या. त्यांच्याविषयींच्या अर्जावर २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नाचा प्रथम सविस्तर विचार केला. पुढें ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलें; आणि त्याची कार्यपद्धति फार अवघड ठरल्यामुळें २४ जानेवारी २०२३ रोजीं ती सोपी केली.

तिचें स्वरूप असें आहे. सज्ञान व सावध मनुष्यानें कोणाच्या दबावावांचून लिहावें कीं, आजार बरा होण्याची आशा नसतां व स्वतः निर्णय घेण्याची शक्ति गेली असतां, कोणते उपचार चालूं ठेवूं नयेत किंवा सुरूच करूं नयेत. आपल्या वतीनें बोलणाऱ्या एका किंवा अधिक नातेवाइकांचीं अथवा पालकांचीं नांवें त्यांत घालावीं. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून तें नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून साक्षांकित करावें. २०१८ च्या नियमांप्रमाणें लागणारी न्यायदंडाधिकाऱ्याची सही आतां लागत नाहीं. एक प्रत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिका यांच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी, व नेहमींच्या डॉक्टरासहि द्यावी. मत बदलल्यास तें लेखी मागें घेतां येतें.

या इच्छापत्रामुळें कोणास घाईनें मरणाच्या दारीं लोटतां येईल, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. प्रत्यक्ष अंमलापूर्वीं उपचार करणारे डॉक्टर व किमान पांच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचें एक मंडळ, व त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानें नेमलेला डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांचें दुसरें मंडळ, अशी दुहेरी तपासणी होते. प्रत्येक मंडळानें आपलें मत शक्यतों ४८ तासांत द्यावयाचें असतें. आणि उपचार थांबविण्यापूर्वीं न्यायदंडाधिकाऱ्यास कळवावें लागतें. शिवाय इच्छापत्रांत ‘सर्व उपचार शेवटपर्यंत चालूं ठेवावे’ असेंहि मनुष्यास लिहितां येतें. मुख्य गोष्ट ही कीं, निर्णयाचें ओझें मुलांच्या माथीं न टाकतां ज्याचें शरीर त्यानें आपली इच्छा सांगून ठेवावी. जमीन विकून दवाखान्यास पैसा घालावा कीं नाहीं, या प्रश्नावर ज्या घरांत दोन भाऊ एकमेकांचें तोंड पाहीनासे होतात, तेथें वडिलांच्या हातचा एक कागद किती अनर्थ टाळील, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा कीं, असे कागद करणें म्हणजे अशुभ चिंतणें होय. परंतु बैलांचा व पिकांचा विमा उतरल्यानें बैल मरत नाहींत कीं पीक बुडत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, कागद मागणें म्हणजे बापावर किंवा मुलावर अविश्वास दाखविणें. वास्तविक पाहतां कागद विश्वासाच्या जागीं येत नाहीं, तो विश्वासाची साक्ष ठेवतो. जो मुलगा प्रामाणिकपणें दहा वर्षें बापाचा कारभार पाहतो, त्याच्यावर पुढें भावंडांनीं संशय घेतल्यास त्याच्या बचावास लेखी अधिकार व सहामाही हिशेब हेच येतात.

एकत्र कुटुंबाचा कर्ता असल्यावर याची गरज काय, असेंहि कोणी विचारील. कर्त्यास एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार आहे हें खरें; परंतु आज बँकेंतील खातीं, ठेवी, भागभांडवल व बहुतेक ७/१२ उतारे व्यक्तीच्या नांवें असतात, आणि दुसऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर कर्तेपणाच्या नात्यानें सही करतां येत नाहीं.

आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, रब्बीचीं खळीं उरकून हात मोकळे झाले कीं एक दिवस या कामास काढावा. घरांतील सर्व माणसें, मुली व सुना यांसुद्धां, एकत्र बसवावीं. ७/१२ व ८-अ चे उतारे, खातेपुस्तकें, ठेवीच्या पावत्या, विम्याचे कागद, दवाखान्यांतील जुने कागद व कर्जाचा हिशेब यांची एक यादी करून ती कोठें ठेविली हें दोघांस तरी सांगावें. संयुक्त खातें उघडावें, नामनिर्देशनें तपासावीं, मर्यादित अधिकाराचें मुखत्यारपत्र वकिलाकडून लिहवून, वाचून, मगच निबंधकासमोर करावें, आणि औषधोपचाराविषयीं आपली इच्छा काय, हें शब्दांत मांडावें. या सर्व कामांस सही करणाराची शुद्ध व समज शाबूत असावी लागते, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे तीं पुढील सालावर कां टाकूं नयेत, हें निराळें सांगावें लागणार नाहीं.